साफ नळी

काकडीच्या वेलींवर त्या वर्षी पांढरी बुरशी पडली आणि आमच्या घरातली माणसं एकमेकांच्या अंगावर यायला लागली. तशी ती आधीही यायचीच, पण आधी निदान काहीतरी निमित्त शोधावं लागायचं. आता पान उलटलं की पांढरं, दुसरं उलटलं की पांढरं. सासरा वेलीसमोर उकिडवा बसून असा बघत राही, जणू वेलीनेच त्याला आईवरून शिवी दिलीय. थोरला दीर आणि माझा नवरा पाठीवर पंप बांधून फवारत सुटले होते. संध्याकाळी घरी आले की दोघांच्या अंगाला औषधाचा वास, आणि तोंड उघडलं की त्याहून वाईट.

काकडी कमी म्हणजे शेडवर काम कमी. शेड म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर, खाली कायम ओला कोबा, आणि व्हिनेगरचा असा वास की नव्या बाईच्या डोळ्यांचं पाणी काही दिवस थांबतच नाही. काकड्या निवडायच्या, धुवायच्या, बरणीत उभ्या रचायच्या, वरून व्हिनेगर ओतायचं, झाकण दाबायचं. एका टेबलावर एक घर, हा तिथला नियम. बरण्या मोजायच्या त्या टेबलाच्या, बाईच्या नाहीत. एकीची कंबर धरली तर दुसरी तिच्या बरण्या भरते. तिसरी लेकराला पाजायला गेली तर तिच्याही भरते. कुणाच्या हाताने भरली हे कुणी विचारत नाही. बरणी भरली की झालं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ ह्या सवयीनेच घातला.

आमच्या टेबलाच्या डोक्याशी सासू. कायम उभी; बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. बोटं व्हिनेगरने खाल्लेली, नखं पिवळी, आणि नजर अशी की बरणीत एक काकडी कलती लागली तर पाठ फिरवून उभी असताना तिला कळायचं. माझ्या थोरल्या जावेला ती गोगलगाय म्हणायची. मला भोंगा. नाव घेऊन कधी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. थोरलीला तर शेडवर सगळ्यांसमोर म्हणायची, "अगं गोगलगाई, काकडी लोणच्यात घालायचीय, लग्नात नाही बसवायची. उरक!" बायका हसायच्या. थोरली मान खाली घालून पुढची बरणी घ्यायची. दररोज. अशी वर्षं गेली.

शेजारच्या टेबलावर घारी. डोळे घारे म्हणून घारी. तिची सासू दम्याने पायरीवर बसलेली, आणि घारी एकटीच दोघींचं भरायची. घारीच्या आणि आमच्या सासूच्या वैराचं मूळ काय ते दोघींनाही सांगता आलं नसतं, पण पाणी मात्र दोघी इमानाने घालायच्या.

मालकाने एका सकाळी सगळ्यांना उभं केलं. म्हणाला, "माल निम्मा आलाय. टेबलंही निम्मीच राहतील. काही दिवस बघतो. ज्यांचा हात चालतो ते राहतील. आणि एक सांगतो, आजारी बाई मला टेबलावर नको. मागच्या हंगामात एक इथेच कोसळली, बरण्यांसकट. मला तो ताप परत नको."

"बाई कोसळली त्याचा ताप की बरण्यांचा?" मी विचारलं.

सासूने माझ्या पायावर पाय दिला. चांगला टाच रोवून. मालक ऐकून न ऐकल्यासारखं करून गेला.

त्याच आठवड्यात नर्स आली. आमच्या भागातली नर्स, मोपेडवर फिरणारी, आवाज घोगरा, बोलणं रोखठोक. शेडच्या अंगणात, रिकाम्या पिंपांच्या आडोशाला सगळ्या बायका जमल्या, मालकाची बायकोसुद्धा. तिच्याजवळ पिशवीभर नळ्या, प्रत्येक नळीवर नावाची चिठ्ठी आणि सोबत कापूस लावलेली लांब काडी.

"गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे," ती म्हणाली. "काडी आपली आपण आत घालायची, फिरवायची, नळीत ठेवायची. मी बघायची गरज नाही, कुणासमोर पाय फाकायची गरज नाही."

"परत?" घारी म्हणाली. "मागे ती ब्रशवाली आली होती. काचेवर पुसून घेऊन गेली. निकाल यायला अख्खा हंगाम गेला, आणि आला तर काय, म्हणे नमुना नीट नाही, परत द्या."

"आणि नंतर ती व्हिनेगरवाली," मागून कुणीतरी म्हणालं. "लगेच सांगायची खरं, पण माझ्या बहिणीला पांढरं दिसलं म्हणून रडवलं. शहरात गेली तर नुसती सूज निघाली."

"खोटं नाही," नर्स म्हणाली. "ब्रशच्या तपासणीत काचेवर डोळे लावून बसणारं जाणतं माणूस लागतं. ते आपल्या जवळपास नाही, म्हणून उशीर. व्हिनेगर लावलं की बिघडलेली जागा पांढरी पडते, तिथल्या तिथे कळतं. पण सूज असली तरी पांढरं दिसतं, बघणारीचा डोळा तयार नसला तर चुकतं, आणि पाळी गेलेल्या बाईची ती जागा आत सरकते, नीट दिसतच नाही. ही काडी विषाणू पकडते. ज्या विषाणूने पुढे हा रोग होतो, तो. रोग व्हायच्या बराच आधी. नळी साफ आली तर पुढची काही वर्षं निवांत. विषाणू निघाला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. मग मी बोलावीन, व्हिनेगर लावून बघीन, चट्टा असला तर तिथेच जाळून टाकीन. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ."

सासू जोरात म्हणाली, "आयुष्य व्हिनेगरात गेलं आमचं. रोग जवळ आला तर त्यालाच ठसका लागेल." सगळ्या हसल्या. नर्सही हसली, मग तिने हात वर केला.

"एक नीट ऐका. जिला अवेळी रक्त जातं, पाळी बंद झाल्यावर जातं, नवऱ्याजवळ गेल्यावर जातं, तिने ह्या काडीवर विसंबायचं नाही. नळी साफ आली तरी नाही. काडी धडधाकट बाईसाठी आहे. रक्त जाणारीला मी स्वतः बघणार. समजलं?"

"समजलं," सगळ्या म्हणाल्या. सासू सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

मी थोरलीकडे बघितलं. ती पिंपाच्या कडेला लागलेलं मीठ नखाने खरवडत होती.

नळ्या घराच्या हिशेबाने वाटल्या. आमच्या तिन्ही सासूने घेतल्या, मला माझी दिली आणि उरलेल्या दोन्ही थोरलीच्या हातात कोंबल्या. "जा, तुझी भर आणि माझीही भरून आण. मला वेळ नाही. टेबल मोकळं पडलंय."

थोरली म्हणाली, "आई, ही तुमची तुम्हालाच—"

"बरण्या भरतेस ना माझ्या? मग हे काय आभाळातून पडलंय? जा, आणि आज तरी लवकर ये."

थोरली दोन्ही नळ्या घेऊन पत्र्यामागे गेली. मी माझी भरून आले तेव्हा ती अजून आतच होती. बाहेर आली, दोन्ही नळ्या नर्सच्या पेटीत ठेवल्या आणि टेबलाला लागली. आजूबाजूला पाहिलं तर किती घरांत असंच चाललं होतं देव जाणे. कुणाला चूक वाटलीच नाही. आम्हाला भरलेलं मोजायची सवय.

मला कळलं ते हातपंपावर. आमच्या घरात सासूचे कपडे थोरली धुते, लग्न झाल्यापासून. त्या दिवशी तिच्या हाताला औषधाची जळजळ झाली होती म्हणून मी बादली ओढली. तळाशी एका जुन्या परकराच्या घड्या. उकलल्या तर पाणी तांबूस झालं, आणि वास असा आला की मी तोंड फिरवलं. सासूची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. मी थोरलीकडे बघितलं.

"कधीपासून?"

"वेली लावल्या तेव्हापासून," ती म्हणाली. "आधी डाग होते. आता घड्या लागतात."

"आणि तू तिची नळी भरलीस! नर्स घसा फोडून सांगत होती!"

"तिने भर म्हणून सांगितलं."

"अगं पण सांगायचंस ना तिथे!"

थोरलीने बादली माझ्या हातातून काढून घेतली. "मी काय सांगू? ती मला गोगलगाय म्हणते. गोगलगाय बोलते का कधी?" आणि परकर दगडावर आपटायला लागली. इतक्या जोराने तिला काही करताना मी पहिल्यांदा बघत होते. "चुलीतलं लाकूड फेकून मारलं होतं तिने मला. आठवतं? तू नव्हतीस तेव्हा. कपाळावर हा व्रण आहे तो काय मी आईच्या पोटातून घेऊन आले? मरू दे. माझं काय जातं?"

मी नुसता पंप हापसत राहिले. माझ्यासारखा भोंगा, म्हणजे बघा.

सासू त्या दिवसांत वेलीवर जायची, शेडवर जायची, पिंपं ढकलायची. चालताना मध्येच थांबून कमरेवर हात ठेवायची आणि कुणी बघितलं की पायाखालच्या दगडाला शिव्या द्यायची. ताटातलं निम्मं तसंच राहायचं. गालाची हाडं वर आली होती. म्हणायची, "वेलींच्या काळजीने खाल्लं मला." मी एकदा धीर करून म्हटलं, "आई, नर्सला दाखवून येता का?" तर म्हणाली, "माझं टेबल घारीला द्यायचंय का तुला? तिने तुला काय चारलंय?"

निकाल आले. नर्सने एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं. माझी साफ. थोरलीची साफ. सासूची साफ. नर्स पुढच्या बाईकडे वळली आणि सासू अशी चालत आली की लढाई जिंकून आलीय. घारीला मात्र नर्सने बराच वेळ थांबवून घेतलं. घारीचीही नळी खराब आली आणि तिच्या सासूचीही. दोघींना व्हिनेगरच्या तपासणीला बोलावलं.

नर्सने हळूच सांगितलं होतं. पण पत्र्याचं छप्पर. तिथे हळू असं काही नसतं. दुपारपर्यंत सासूने घारीचं अख्खं घर सोलून काढलं. "एक नाही, दोघी! घरच नासकं. त्यांच्या हातच्या बरण्या लोक खाणार!" घारी समोर उभी असताना म्हणाली. घारीच्या हातातली बरणी खाली आदळली आणि पायरीवरची म्हातारी खोकायला लागली ती थांबेना.

"विषाणू बरणीतून जात नाही," मी म्हटलं. "नर्सनेच सांगितलं."

"भोंगा बंद कर."

मालकाच्या कानावर गेलंच. त्याला विषाणू काय, वेलीवरची बुरशी काय, सगळं एकच. घारीचं टेबल त्याने उचलून भिंतीला लावलं. घारी म्हणाली, "मी आजारी नाही, तपासायला बोलावलंय नुसतं." मालक म्हणाला, "तपासून ये, मग बघू." सासूने त्या दिवशी ताटातलं सगळं संपवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

घरी थोरलीने विषय काढला. मला वाटलं नव्हतं ती काढेल. सासू वेलीकडे गेली होती, पुरुष अंगणात पंप धूत होते. थोरली नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या आईला रक्त जातंय. नळी तिची नाही, माझी आहे. तिला नेऊन दाखवा."

थोरल्याने वर बघितलं नाही. "एवढा हंगाम जाऊ दे."

"हंगाम संपेपर्यंत काय होईल?"

"हंगाम नसला तर काय होईल ते विचार. घारीचं टेबल गेलंय. आता आपल्या टेबलाला काही झालं तर?" मग सासऱ्याकडे वळला. "आप्पा, तुम्हाला माहीत होतं का?"

सासऱ्याने पंपाची नळी डोळ्यासमोर धरून फुंकली. "बायकांचं बायकांनी बघावं," म्हणाला. चाळीसेक वर्षं जिच्याजवळ झोपला त्या बाईबद्दल त्याला एवढंच म्हणायचं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा नवरा मध्ये पडला नाही. तो पडत नसतोच.

थोरली आत आली आणि परातीत पीठ घेऊन नुसतीच बसून राहिली. मला म्हणाली, "ती अशीतशी मेली असती तर मी डोळ्यांतून टिपूस काढलं नसतं. पण आता ती मेली तर माझ्या नळीने मेली. सगळ्यांना दाखवत हिंडतेय, साफ आहे, साफ आहे. ते साफ माझं आहे. माझं घेऊन मरायचं नाही तिने."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी घारी परत आली. मोठ्या तोऱ्यात, नाकावर टिच्चून, नर्सला सोबत घेऊनच. मालक वजनकाट्याशी होता. नर्स त्याला म्हणाली, "हिला चट्टा होता, लहानसा. जाळून टाकला. ही कामाला ठणठणीत आहे. आणि ह्या आजाराची लागण बरणीतून होत नाही, साहेब, हे तुम्हाला मी आता लिहून देऊ की तोंडी चालेल?"

मालक डोकं खाजवत म्हणाला, "तसं नाही, बाई, पण लोक..."

"हिची सासू आली नाही अजून," नर्स म्हणाली. "आजींनाही पाठवा."

घारीने नर्सकडे बघायचं टाळलं. मग तिने आपलं टेबल भिंतीपासून ओढायला सुरुवात केली. कोब्यावर लोखंडी पाय करकरले. सासू म्हणाली, "नासकी ती नासकीच. जाळलं म्हणजे काय गेलं होय?"

घारी वळली. "मी पाय फाकून बघून घेतलंय, म्हातारे. मला माहीत आहे माझ्यात काय होतं आणि काय नाही. तू काय बघून घेतलंयस?"

"माझी नळी साफ आहे! विचार नर्सला!"

"साफ होती," नर्स म्हणाली.

थोरलीच्या हातात भरलेली बरणी होती. तिने ती टेबलावर ठेवली, झाकण दाबलं, हात पुसले. सगळं सावकाश. मग म्हणाली, "ती नळी माझी आहे."

घारीने टेबल ओढायचं थांबवलं.

"दोन्ही मीच भरल्या. ह्यांनी काडीला हातसुद्धा लावला नाही. ह्यांना रक्त जातंय. वेली लावल्या तेव्हापासून. मी धुतेय."

सासू थोरलीच्या अंगावर आली. मला वाटलं मारेल, आणि तिने मारलंच. व्हिनेगरने ओला हात, थोरलीच्या तोंडावर. थोरलीचा डोळा चुरचुरला असणार, पाणी वाहायला लागलं. पण ती हलली नाही. "मारा," म्हणाली. "आणखी मारा. पण चला."

"सटवे! माझं टेबल घालवायला निघालीस! माझ्या घरात राहून, माझं खाऊन!"

"टेबल गेलं," मालक मागून म्हणाला. "मी सांगितलं होतं, आजारी बाई नको. आजच्यापुरतं भरा आणि उद्यापासून येऊ नका."

कुणी मालकाशी भांडलं नाही. मी भांडले. काय काय बोलले ते सांगत नाही, त्यातलं निम्मं छापण्यासारखं नाही. नर्सने सासूचा दंड धरला. सासूने तो झटकला आणि स्वतःच बाहेर उभ्या टेम्पोकडे चालायला लागली. कंबर धरून, दगडाला शिव्या देत. ती का निघाली ते मला अजून नीट कळलेलं नाही. कदाचित सगळ्या बघत होत्या म्हणून. एवढ्या बायकांसमोर घाबरलेली दिसण्यापेक्षा तिने काहीही केलं असतं.

नर्सची खोली म्हणजे एक लोखंडी टेबल, खिडकीला हिरवा पडदा, भिंतीवर पाल. कोपऱ्यात कापसाचे बोळे, आणि काचेच्या बाटलीत पातळ केलेलं व्हिनेगर. सासूने बाटलीकडे बघितलं आणि नाक मुरडलं. "हे व्हिनेगर? पाणी घातलंय ह्यात. आमच्याकडे असलं ओतलं तर मालक हाकलून देईल."

"जास्त कडक लावलं तर आग होईल, आजी. आडव्या व्हा."

"हिला बाहेर काढ." म्हणजे थोरलीला.

"मी जाणार नाही," थोरली म्हणाली.

"माझी लाज बघायची आहे तुला."

"तुमची लाज मी रोज दगडावर धुतेय, आई. नवीन काय बघणार?"

सासू आडवी झाली. मी पडद्याजवळ उभी. नर्सने दिवा लावला, हातमोजे चढवले, आत बघायचं हत्यार गरम पाण्यात बुडवून घेतलं. सासूचे पाय किती बारीक झाले होते ते मी तेव्हा पाहिलं. ती छताकडे बघत होती, दात आवळून. हुं की चूं केलं नाही. नर्स वाकली. बघितलं. परत बघितलं, दिवा जरा जवळ ओढून. मग हत्यार काढलं, परकर खाली केला, हातमोजे उतरवले.

"उठा, आजी."

सासू उठली नाही. नाक वर करून तिने दोनदा हुंगलं. जन्म व्हिनेगरात काढलेली बाई.

"लावलंच नाहीस," म्हणाली. "मला वास आला नाही."

"नाही लावलं."

"का?"

नर्स स्टुलावर बसली. "गरज लागली नाही. उघड्या डोळ्यांना दिसतंय. गाठ आहे, तिला हात लागला तरी रक्त येतं. हे काडीचं काम नाही आणि व्हिनेगरचंही नाही. उद्या शहरात जायचं, मोठ्या दवाखान्यात. तिथे तुकडा काढतील, किती पसरलंय ते बघतील. शेक देतात, औषध देतात. काहीच होणार नाही असं नाही. पण उद्याच. परवा नाही."

सासूने छताकडेच बघत पदर सारखा केला. मग थोरलीकडे मान वळवली. "तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि गप्प बसलीस. इतके दिवस."

"तुम्हालाही माहीत होतं. तुम्हीही गप्प बसलात."

"मी माझ्या जिवावर गप्प बसले. तू कोणाच्या?"

थोरली पदराच्या टोकाने डोळा चोळत राहिली. मघाच्या हाताने तो लाल झाला होता. सासू टेबलावरून उतरली, चपला शोधल्या, आणि उतरताना तोल गेला तेव्हा तिने जे हाताला लागलं ते धरलं. थोरलीचं मनगट होतं. दोघींनाही ते आवडलं नाही. टेम्पोत बसेपर्यंत सोडलं मात्र नाही.

वाटेत सासू म्हणाली, "घारीची सासू का आली नाही?"

मी म्हटलं, "कोण जाणे. दमा आहे."

"घारीने एकटीनेच भरल्यात दोन्ही. दोन्ही खराब आल्या, मग ती गेली तेव्हा तिच्यात चट्टा निघाला. म्हातारीचं काय निघालं असतं ते कुणाला माहीत?" जरा थांबली. "आणि कोपऱ्यातल्या टेबलावरची ती जाडी, तिच्या चार नळ्या होत्या. ती एकटीच पत्र्यामागे गेलेली मी बघितली. मला वाटलं, वा, काय झटपट हात आहे हिचा." मग टेम्पोवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "शेडवर थांबव."

"आई, घरी चला. आता काय करायचंय शेडवर?" मी म्हटलं.

"थांबव म्हटलं ना!"

शेडवर सगळ्या कामात होत्या. आमचं टेबल भिंतीला लावलेलं, आमच्या रचलेल्या बरण्या दुसऱ्यांनी वाटून घेतलेल्या. सासू आत शिरली आणि सगळ्यांचे हात थांबले. मालक पुढे आला तर तिने त्याला कोपराने बाजूला केलं. कोब्याच्या मधोमध उभी राहिली. एका हाताने कंबर धरलेली. तिच्या लुगड्यावर मागून डाग दिसत होता. तिला ते माहीत होतं की नाही देव जाणे. थोरली सरकून तिच्या मागे उभी राहिली, डाग झाकेल अशी.

"मला कॅन्सर आहे," सासू म्हणाली. नेहमीचाच आवाज, काकडी कलती लागली म्हणून ओरडायची तसा. "माझी नळी साफ होती. ह्या गोगलगाईची होती ती. आता बोला, भवान्यांनो. कुणाच्या नळीत कोण आहे?"

जाडीने ओला हात कपड्याला पुसला आणि परत पुसला.

"बरण्या भरल्यासारख्या भरल्यात तुम्ही. मला माहीत आहे, मीच तसं शिकवलंय निम्म्या जणींना. सासू म्हणाली भर, नणंद म्हणाली भर. बोला! टेबल जाईल म्हणून भीती वाटते? माझं गेलंय. बघा, मेले का मी? मरेन तेव्हा मरेन. पण तुम्ही साफ म्हणून मराल, त्याची लाज नाही वाटत?"

मालक म्हणाला, "आजी, काम चालू आहे."

"तू गप बस. तुझ्या बायकोची कुणी भरली?"

मालक काट्याकडे मागे सरकला.

पहिली घारी बोलली. ती आमच्या सासूकडे अशा नजरेने बघत होती की हाताला लागली असती तर फाडून खाल्ली असती. "माझ्या सासूची मी भरली," म्हणाली. पायरीवर म्हातारीचा खोकला थांबला. मग जाडी म्हणाली, "आमच्या चारही." मग तिच्या पलीकडची. मग मागच्या भिंतीजवळून कुणीतरी, रडक्या आवाजात, आपल्या आईचं नाव घेऊन. एकीमागून एक, टेबलाटेबलावरून. मालक काट्याला टेकून खाली बघत राहिला.

सासू ऐकत होती. कुणाची किती ते बोटांवर धरत होती, बरण्या धरायची तशी. शेवटी ती कलायला लागली तेव्हा थोरलीने मागून तिच्या बगलेत हात घातले.

"हात काढ," सासू म्हणाली. "ओले आहेत."

थोरलीने काढले नाहीत.